बेटावरील सुटी आणि चालू सामना

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली कीं पुण्यामुंबईकडील कुटुंबें समुद्राकडे निघतात. कोणी गोव्यास जातें, कोणी दीवला, कोणी विमानानें थेट अंदमानास. बहुतेक वर्षीं ह्याच दिवसांत आय.पी.एल.चे सामने रोज संध्याकाळीं चालू असतात. ही स्पर्धा २००८ च्या एप्रिलमध्यें सुरू झाली आणि तेव्हांपासून सुटी व सामना यांची गांठ दरवर्षीं पडूं लागली. घरीं असतां कांहीं अडचण नसते. आपला पडदा, आपल्या खुर्च्या आणि आपला चहा. परंतु परक्या बेटावर, उतरण्याच्या जागीं दूरचित्रवाणीचा पत्ता नसतांना, चालू सामना पाहावा कोठें? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. कुटुंबाची एक संध्याकाळ त्यावर अवलंबून असते, आणि पुष्कळदां तीच संध्याकाळ बिघडते.

कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे व त्यावर सामना दिसतो; मग जागा शोधावयाची कशास? ह्याचें उत्तर सामना पाहण्याच्या आपल्या जुन्या रीतींत सांपडतें. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें पूर्वेस जातांना यवताजवळ दौंड तालुक्यांतील कासुर्डी हें गांव लागतें. दौंड आणि शिरूर ह्या भागांत यात्रेच्या दिवसांत गांवोगांव कुस्त्यांचा आखाडा भरतो. आरंभीं लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनामाच्या, आणि दिवस मावळतां मावळतां शेवटची मोठी कुस्ती. भोंवतीं माणसांचें कडें धरलेलें असतें. हलगी वाजत असते. कोणाचा पट निघाला, कोणाचा डाव फसला, ह्यावर शेजारचा अनोळखी माणूसहि आपल्याशीं बोलूं लागतो. डाव दिसतो डोळ्यांना, पण त्याची गोडी येते ती ह्या शेजाऱ्यामुळें. हीच गोष्ट क्रिकेटची आणि फुटबॉलची. हातांतल्या लहानशा पडद्यावर एकट्यानें पाहिलेला सामना कळतो. तो रंगत मात्र नाहीं.

परंतु त्या कड्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांत बहुधा पुरुषच असत. घरांतील स्त्रिया यात्रेस येत, देवदर्शन घेत, पाळण्यांत मुलांना बसवीत. आखाड्याकडे त्यांचें पाऊल क्वचितच वळे. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण आजच्या विषयाचें मर्म तींतच आहे.

आतां मुंबईकडे वळूं. तेंहि मूळचें सात बेटांचेंच शहर. १९३४ सालीं तेथील चौरंगी सामन्यांचें धावतें वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं नभोवाणीवरून इंग्रजींत केलें. सहकारी न घेतां दिवसभर एकट्यानें बोलत राहण्याबद्दल त्यांची ख्याति होती. पुढें बाळ ज. पंडित यांनीं मराठी समालोचन घरोघर पोंचविलें. घरोघर म्हटलें खरें, परंतु नभोवाणीचें यंत्र त्या काळीं प्रत्येक घरीं नव्हतें. तें ज्या इराण्याच्या दुकानांत असे त्या दुकानाच्या दाराशीं सामन्याच्या दिवशीं गर्दी लोटे. एक कप चहा घेऊन तासभर बसणारे आंत, आणि तोहि न घेणारे बाहेर पदपथावर. कोठें कोठें धावसंख्या खडूनें फळ्यावर लिहून ठेवीत. कचेरींतून घरीं जाणारा मनुष्य ट्रामसाठीं उभा असतां ती वाचून घेई. बेटावरील शहरांत सामना ऐकण्याची चांगली जागा कोणती, ह्या प्रश्नाचें त्या काळचें उत्तर म्हणजे कोपऱ्यावरचा इराणी. त्यांतहि स्त्रियांसाठीं वेगळी खोली असे, आणि यंत्र असे बाहेरच्या दालनांत.

हा भेद मोडला तो दूरचित्रवाणीनें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळीं रंगीत चित्र आलें, आणि २५ जून १९८३ रोजीं लॉर्ड्सवर भारतानें विश्वचषक जिंकला तो लोकांनीं शेजाऱ्यांच्या घरांत बसून पाहिला. चाळींत एका बिऱ्हाडीं संच असे व साऱ्या मजल्याचीं माणसें तेथें जमत. पुढें सतरंजीवर मुलें, भिंतीशीं आजोबा, स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या असलेल्या बायका. आणि हळूहळू त्या दारांतून पुढें येऊन बसूं लागल्या. सारें घर एकत्र बसून सामना पाहतें, ही आज आपल्याला फार जुनी वाटणारी रीत वस्तुतः ह्या पन्नासएक वर्षांतली आहे.

आणि सुटीवर गेल्यावर नेमकी हीच रीत मोडण्याचा प्रसंग येतो. कारण परगांवीं मोठ्या पडद्यावर सामना दाखविणारी जागा म्हणजे बहुधा मद्यगृह. महाराष्ट्रांत त्यास परमिट रूम म्हणतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें मद्य पिण्यास परवाना, म्हणजे परमिट, लागूं लागलें, आणि परवाना असलेल्यांनीं बसावयाच्या खोलीस तेंच नांव चिकटलें. ह्या ठिकाणीं पाटीवर पुष्कळदां कुटुंबासाठीं स्वतंत्र सोय असेंहि लिहिलेलें असतें. सोय असते ती लांकडी आडोशामागें किंवा माडीवर. पडदा असतो खालच्या मोठ्या दालनांत. वडील व मुलगा खालीं सामना पाहतात, आणि आई, सून व मुली वर बसून जेवण उरकतात. मधून आरडाओरड ऐकूं आली कीं कोणीतरी जिन्यावरून वांकून विचारतें, "काय झालें हो? कोण बाद झालें?" सामना सगळ्यांचा असतांना तो अर्ध्या घरानें ऐकीव ऐकावा, हें कांहीं चांगल्या जागेचें लक्षण नव्हे.

म्हणून माझ्या मतें चांगल्या जागेची पहिली कसोटी अशी: घरांतील सर्व माणसें पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत जेथें एका मेजाशीं निःसंकोचपणें बसूं शकतात, ती जागा चांगली. पडदा केवढा, पेय कोणतें, ह्या गोष्टी नंतरच्या. आतां अशी जागा बेटावर शोधतांना कोणत्या अडचणी येतात व त्या आधींच कशा ओळखाव्या, तें क्रमानें पाहूं.

पहिली अडचण चित्र येण्याची. बेटावरील उपाहारगृहांत चित्र तीन वाटांनीं येतें: छपरावरच्या तबकडीनें उपग्रहाकडून, तारेनें, किंवा इंटरनेटवरून. छपरावरची लहान तबकडी सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीच्या लहरी पकडते. ह्या लहरी मुसळधार पावसांत पाण्याच्या थेंबांनीं शोषल्या व विखुरल्या जातात. म्हणून नेमका पाऊस कोसळूं लागला कीं चित्र गोठतें. तारेनें चित्र पुरविणारे धंदेवाले ज्या मोठ्या तबकड्या वापरतात त्यांतील बऱ्याच ह्याहून लांब लहरींवर चालतात, आणि त्यांना पावसाचा त्रास पुष्कळच कमी होतो. तेव्हां जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोंकणपट्टींत किंवा गोव्यांत असाल, तर लहान तबकडीवरच विसंबलेली जागा टाळावी, अथवा तेथें तारेची दुसरी जोडणी आहे का तें विचारावें.

अंदमानाची गोष्ट निराळी. तेथील इंटरनेट अनेक वर्षें उपग्रहावर अवलंबून होतें आणि फार मंद होतें. १० ऑगस्ट २०२० रोजीं चेन्नईपासून समुद्राच्या तळाशीं घातलेल्या सुमारें २,३०० किलोमीटर तारेचें उद्घाटन झालें. त्या तारेनें पोर्ट ब्लेअर, ज्याचें नांव २०२४ मध्यें श्री विजय पुरम असें झालें, व आणखी सात बेटें मुख्य भूमीशीं जोडलीं गेलीं; हॅवलॉक म्हणजे आजचें स्वराज द्वीप हें त्यांतलेंच एक. तेव्हां अंदमानांत इंटरनेटवरून सामना पाहतां येणार नाहीं, हें पूर्वीं ऐकलेलें वाक्य आतां सरसकट खरें धरूं नये. मात्र समूहांतील प्रत्येक बेटावर ही तार गेलेली नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

ह्या वाटांच्या फरकामुळें एक गमतीची पण मनस्ताप देणारी गोष्ट घडते. उपग्रह पृथ्वीपासून सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. चित्र तेथवर जाऊन परत येण्यास प्रकाशाच्या वेगानेंहि जवळजवळ पाव सेकंद लागतो. इंटरनेटवरून येणारें चित्र तुकड्यातुकड्यांनीं साठवून मग दाखविलें जातें. त्यामुळें तें कित्येक सेकंद, कधीं अर्धा मिनिटभरसुद्धां, मागें राहतें. परिणाम असा कीं आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धांवत येत असतो, आणि शेजारच्या दुकानांत "गेला, गेला" अशी आरोळी उठते. पाहण्याची सगळी उत्कंठा तेथेंच संपते. ज्यांना हें नको असेल त्यांनीं किनाऱ्यावरील एकाला एक लागून असलेल्या दुकानांपैकीं तबकडी किंवा तार असलेलें दुकान निवडावें, आणि खिशांतील दूरध्वनीवरून येणाऱ्या सूचना बंद ठेवाव्या. घरीं राहिलेले भाऊजी नातेवाइकांच्या गटांत निकाल आधींच कळवून मोकळे होतात, त्याला दुसरा उपाय नाहीं.

दुसरी अडचण हक्काची. दुकानदाराजवळ दूरचित्रवाणी आहे म्हणजे त्यावर हवा तो सामना दिसेलच असें नाहीं. एके काळीं सारे सामने दूरदर्शनवरच दिसत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यांत निर्णय दिला कीं आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारचा मक्ता नाहीं. त्यानंतर खासगी वाहिन्यांचा मार्ग अधिक मोकळा झाला. त्यांनीं मोठाल्या रकमा देऊन हक्क घेतले आणि सामना पाहण्यास वर्गणी भरावी लागूं लागली. २००७ च्या कायद्यानें ह्यास एक मर्यादा घातली: केंद्र सरकार ज्या सामन्यांना राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर करील, त्यांचें चित्र खासगी वाहिनीनें प्रसार भारतीला दिलें पाहिजे. पुढें २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें स्पष्ट केलें कीं असें मिळालेलें चित्र दूरदर्शननें स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणांतून आणि आपल्या विनामूल्य उपग्रह सेवेंतून दाखवावें. तें खासगी तारवाल्यांना पुरवूं नये.

ह्यांतून प्रवाशानें घ्यावयाचा बोध असा. ज्या साध्या खानावळींत दूरदर्शनची फ्री डिश आहे, तेथें यादींतील सामना वर्गणीवांचून दिसतो. जो सामना यादींत नाहीं, तो वर्गणी भरलेल्या जागींच दिसेल. म्हणून चौकशी करतांना "तुमच्याकडे टी.व्ही. आहे का" असें विचारूं नये. "उद्यां रात्रींचा अमुक संघांचा सामना तुमच्याकडे लागेल का, आणि कोणत्या वाहिनीवर" असें विचारावें. ज्याच्याकडे सोय आहे तो वाहिनीचें नांव तत्काळ सांगतो. जो "बघूं, लागेल बहुतेक" असें म्हणतो, त्याच्याकडे सहसा लागत नाहीं. कोणी पाहण्यासाठीं प्रवेशमूल्य मागितलें, तर थोडें सावध व्हावें. पैसे घेऊन दुसऱ्याचें प्रक्षेपण लोकांना दाखविणें हें १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें हक्कदाराच्या परवानगीविना चालत नाहीं. खाण्यापिण्याचे पैसे घेणें वेगळें व पाहण्याचे घेणें वेगळें.

तिसरी अडचण वेळेची व परतीची. वीस षटकांचा सामना संध्याकाळीं साडेसातास सुरू होतो, तो संपतां संपतां अकरा वाजून जातात. फुटबॉलचा बाद फेरींतील सामना बरोबरींत सुटला तर जादा अर्धा तास व त्यावर पेनल्टीचे फटके. १८ डिसेंबर २०२२ रोजीं कतारमधील विश्वचषकाची अंतिम लढत आपल्या वेळेप्रमाणें रात्रीं साडेआठास सुरू झाली. अर्जेंटिना व फ्रान्स तीन तीन गोलांवर थांबले आणि अर्जेंटिनानें पेनल्टींवर ४-२ असा विजय मिळविला, तेव्हां अकरा वाजून गेले होते. आतां कल्पना करा कीं आपण गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर उतरलों आहोंत आणि सामना पाहावयास फेरीबोटीनें जुन्या गोव्यास आलों आहोंत. परतीची शेवटची फेरी किती वाजतां, हें आधीं विचारलें नसेल तर विजयाचा आनंद धक्क्यावरच मावळेल. चोडण बेटाची गोष्टहि तीच. तिकडे जाणारे पुष्कळसे लोक सलीम अली पक्षी अभयारण्य पाहून दिवसाउजेडीं परततात, पण जे मुक्काम करतात त्यांना हा प्रश्न पडतोच. बेटावर असतां साधा नियम असा ठेवावा कीं रात्रींचा सामना पाण्याच्या आपल्या बाजूसच पाहावा, मग पडदा थोडा लहान असला तरी चालेल.

गाडी चालवून परतणाऱ्यांनीं दुसरी एक मर्यादा विसरूं नये. रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्यें ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो मोटार वाहन कायद्याप्रमाणें गुन्हा होय. पहिल्याच वेळीं सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. भाड्याची दुचाकी, अनोळखी रस्ता आणि मध्यरात्र, हीं तिन्हीं एकत्र आलीं असतां घरांतील एका माणसानें तरी त्या रात्रीं पेयास हात लावूं नये हें बरें.

घड्याळाविषयींहि दोन शब्द. अंदमानांत घड्याळ आपलेंच चालतें, परंतु तीं बेटें फार पूर्वेस असल्यामुळें डिसेंबरांत सायंकाळीं पांचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे साडेसाताचा सामना तेथें गडद रात्रीं सुरू होतो आणि किनाऱ्यावरील पुष्कळ व्यवहार तोंवर मिटलेले असतात. जागा उजेडींच पाहून ठेवावी. मॉरिशसचें घड्याळ आपल्याहून दीड तास मागें आहे. एकोणिसाव्या शतकांत आपल्या मुलखांतून तेथें मजुरीस गेलेल्यांचीं मराठी कुटुंबें आजहि त्या बेटावर नांदत आहेत, आणि इकडून जाणाऱ्या प्रवाशांस त्यांच्या घरीं अगत्यानें बोलावणें येतें. आपला साडेसाताचा सामना तेथें सहा वाजतां लागतो, ही मुलाबाळांच्या दृष्टीनें सोयीचीच गोष्ट. मात्र त्या बेटावर वेड आहे तें इंग्लंडमधील फुटबॉलचें. क्रिकेटसाठीं एखाद्या मद्यगृहाचा मुख्य पडदा मिळेल अशी आशा धरूं नये. तेथें मराठी यजमानाची बैठकच अधिक भरंवशाची.

चौथी अडचण कायद्यानें बंद असलेल्या दिवसांची. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे मद्यबंदीचे दिवस सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण मतदान संपण्यापूर्वींचे ४८ तासहि त्या मतदारसंघांत मद्यविक्री बंद असते, हें सुटीच्या भरांत लक्षांत राहत नाहीं. ७ मे २०२४ रोजीं गोव्यांत लोकसभेचें मतदान झालें तेव्हां आय.पी.एल. ऐन रंगांत होतें. त्याच दिवशीं बारामती मतदारसंघांतहि मतदान होतें आणि दौंड तालुका, म्हणजे कासुर्डीहि, त्यांत येतो. घरून निघालेल्यास येथेंहि दार बंद व तेथेंहि बंद. अशा दिवशीं केवळ मद्यावर चालणारी जागा कुलूप लावते. मद्याबरोबर जेवणहि देणारें उपाहारगृह मात्र पेयें बाजूस ठेवून चालूं राहूं शकतें. वयाचीहि अट राज्याराज्यांत वेगळी. गोव्यांत ती अठरा वर्षांची. महाराष्ट्रांत सौम्य बिअर व वाइन यांसाठीं एकवीस आणि कडक मद्यासाठीं पंचवीस. महाविद्यालयांत शिकणारीं मुलें बरोबर असलीं तर वडीलधाऱ्यांना हें माहीत असावें.

ह्या सर्व अडचणी ध्यानांत घेतल्या म्हणजे निवडीची रीत सोपी होते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळीं, फिरतां फिरतां, दोनतीन जागा नुसत्या पाहून याव्या. आंत कोण बसलें आहे तें पाहावें. एखाद्या मेजाशीं आजी, नातवंडें, स्थानिक शिक्षक, कोळी, दुकानदार असे लोक निवांत जेवत असतील, तर ती जागा आपली. सर्व मेजांवर एकाच वयाचे तरुण आणि एकच आवाज असेल, तर तरुणांनीं खुशाल जावें. कुटुंबानें पुढें चालावें. पडदा भिंतीच्या कोणत्या बाजूस आहे, कुटुंबासाठीं दाखविलेल्या जागेवरून तो दिसतो का, हें तेथें प्रत्यक्ष बसून पाहावें. समालोचनाचा आवाज चालू ठेवतात कीं त्यावर गाणीं लावतात, हेंहि विचारावें. आवाजाविना सामना म्हणजे हलगीविना आखाडा. आणि स्वच्छतागृह आहे का व कसें आहे, हें घरांतील स्त्रियांनीं स्वतः पाहून घ्यावें. चार तास बसावयाचें असतां ही गोष्ट पडद्याच्या रुंदीहून अधिक महत्त्वाची आहे, आणि पुरुष ती विचारावयास विसरतात.

गोव्यांत अशी जागा सांपडणें त्यांतल्या त्यांत सोपें जातें, ह्यास कारण आहे. १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत तेथें पोर्तुगीजांचें राज्य होतें. दारूबंदीचा मुंबई इलाख्यांतील इतिहास त्या भूमीस ठाऊक नाहीं. त्यामुळें तेथील गांवांतील ताव्हेर्न, म्हणजे लहानसें पेयगृह, हें लपूनछपून जावयाची जागा मानलेली नाहीं. तें बहुधा मालकाच्या घराच्याच ओटीवर असतें आणि मालकीणबाई स्वतः हिशेब पाहत असते. मालकास तेथें आदरानें पात्रांव म्हणतात. किनाऱ्यावरचे झांपांचे तात्पुरते मांडव तर तिन्ही बाजूंनीं उघडे असतात. त्यांत आडोसाच नसल्यामुळें कुटुंबाला वेगळें बसविण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं. फुटबॉलचा सामना असेल तर मग विचारावयासच नको. धेंपो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स हीं संघांचीं नांवें तेथें घरोघर माहीत असतात, आणि फातोर्ड्याच्या मैदानावरील जुन्या सामन्यांच्या आठवणी सांगणारा एखादा वृद्ध गृहस्थ शेजारच्या मेजावर हटकून भेटतो.

येथें पाहुण्यांच्या वागणुकीविषयीं सांगणें अवश्य आहे. दुसऱ्याच्या गांवांतील बैठक ही त्यांची आहे, आपण तेथें पाहुणे आहोंत. रोज येणाऱ्या वृद्धाची खुर्ची अडवूं नये. वाहिनी बदलण्याचा हुकूम सोडूं नये. गांवाचा फुटबॉल चालू असेल तर क्रिकेट लावण्याचा आग्रह धरूं नये. चार तास मेज अडवावयाचें तर मधून मधून कांहीं मागवीत जावें. इराण्याकडील एका कपावर तासभर बसण्याचा काळ आतां गेला. प्रतिपक्षाच्या चांगल्या फटक्याला टाळी द्यावी. शेजारीं कोणी पैज लावूं म्हटलें तर हंसून टाळावें. तो जुगारच होय. इतकें केलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं त्याच ठिकाणीं आपल्यासाठीं मेज राखून ठेवलेलें आढळतें.

आतां अखेरीस पुन्हां त्या पहिल्या कसोटीकडे येऊं. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीत कौरच्या भारतीय महिला संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. पावसामुळें खेळ उशिरां सुरू झाला व मध्यरात्रीपर्यंत लांबला. त्या संघांत सांगलीची स्मृति मानधना होती, मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होती. आपल्याच भागांतल्या मुली जगज्जेत्या होत होत्या. अशा रात्रीं सुटीवर असलेल्या एखाद्या कुटुंबांत पडदा खालच्या दालनांत आणि लेकीसुना वरच्या खोलींत, अशी व्यवस्था झाली असेल तर तिला काय म्हणावें? जो खेळ मुलींनीं जिंकला तो मुलींनाच जिन्यावरून वांकून विचारावा लागावा!

समजा, कासुर्डीस शेती आणि पुण्यांत नोकरी असलेलें एक कुटुंब पुढल्या सुटींत दिवाडीस गेलें आहे. सामन्याच्या दिवशीं घरांतील सासूबाई म्हणतात, "तुम्ही जा, मी खोलींतच बसेन, मला काय कळतें त्यांतलें?" पुष्कळ घरांत बोलणें येथेंच संपतें. परंतु सूनबाईनें आदल्या संध्याकाळीं जाऊन जागा पाहून ठेवलेली असली, तर तिला म्हणतां येईल, "आई, चला तुम्ही. ओटीवरची जागा आहे, पाठीला टेकावयास भिंत आहे, मालकीणबाई तुमच्याच वयाच्या आहेत. आणि कळत कसें नाहीं? घरीं पायचीत कोण झालें तें सर्वांआधीं तुम्हींच सांगतां कीं." सासूबाई उठतात. नातीच्या हाताला धरून चार पायऱ्या चढतात. पडदा तेथें मोठा नसेल, माशाला मीठ थोडें जास्त असेल. पण घरचीं सर्व माणसें एका मेजाशीं आहेत, आणि तिसऱ्या षटकापर्यंत मालकीणबाई व सासूबाई पंचाच्या निर्णयावरून वाद घालूं लागल्या आहेत. बेटावर गेल्यावर शोधावयाची ती अशी जागा, आणि ती मिळते ती आधीं चार प्रश्न विचारणाऱ्यास.